तळाचं सॅम्पल

मुग्धाचा फोन आला तेव्हा मी एका नदीवर चिडलेले होते. ही नदी पृथ्वीवर कुठेही नाही. शैलजावहिनीने माझ्या गळ्यात मारलेल्या एका जाडजूड कादंबरीच्या सुरुवातीला नकाशा आहे, त्यात ती आहे. एका समुद्रातून निघते, मधली अख्खी डोंगररांग चढून उतरते आणि पलीकडच्या समुद्राला जाऊन मिळते. उभी हयात कल्याणच्या शाळेत भूगोल शिकवण्यात घालवलेल्या बाईने हे निमूटपणे सहन करायचं म्हणजे कठीणच. आज वहिनीला फोन करून चार शब्द सुनावायचेच असं ठरवत होते, तेवढ्यात तिच्या मुलीचाच फोन वाजला. "आत्या, आई गेली," मुग्धा म्हणाली. "आता कुठे गेली? पुण्याहून आली ना?" मी विचारलं. वहिनी महिनाभर पुण्याला मैत्रिणीकडे गेली आहे, असं मला सांगण्यात आलं होतं. पलीकडून मुग्धाचा हुंदका ऐकू आला, आणि मला कळलं. याला आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, दुःख हळूहळू ओसरतं. ओसरेलही, पण आधी राग ओसरायला हवा ना.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. लग्न होऊन आमच्या कोपरीच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजात होते. एरवी ती मला नीला म्हणायची, पण काही काम काढायचं असलं किंवा टोमणा मारायचा असला की मी 'वन्सं' व्हायचे. कोलशेतला एका रसायनांच्या कारखान्यात ती नमुने तपासायची. नव्या नवरीने पहाटे डबा भरून कारखान्यात जायचं, हे आमच्या आईला पचायला जड गेलं होतं. वहिनीने मात्र कधी आवाज चढवला नाही की माघारही घेतली नाही. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, हे तिच्याकडे बघून शिकावं. दादा गेल्यानंतरही ती कोपरी सोडून मुलीकडे राहायला गेली नाही. मुग्धाने किती मिनतवाऱ्या केल्या, पण व्यर्थ.

या अद्भुत कादंबऱ्यांचं वेड तिला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर लागलं. डोळे स्वच्छ झाल्यावर तिने कपाटातल्या पुस्तकांवर नजर टाकली आणि मला बोलावून घेतलं. "नीला, मी आयुष्यभर दुसऱ्या बायकांची दुःखं वाचली गं. आता मला असं पुस्तक पाहिजे ज्यात हुंडा नाही, सासू नाही आणि कॅन्सर नाही." मी म्हटलं, मग पंचांग वाच. ती हसली नाही. मुग्धाने समजावलं की फॅन्टसी वाचून बघ, पण पहिल्यांदाच वाचते आहेस तर एकाच भागात संपणारं, बेताच्या आकाराचं पुस्तक घे, मालिकांच्या नादी लागू नकोस. अगदी शहाणपणाचा सल्ला. साहजिकच वहिनीने पहिलं पुस्तक आणलं ते एका लांबलचक मालिकेतलं. आणि वर मलाही बजावलं की हे दोघींनी मिळून वाचायचं, नाहीतर बोलणार कोणाशी. मला ड्रॅगनमध्ये काडीचा रस नव्हता. पण तिला नाही म्हणणं आमच्या घरात कोणालाच कधी जमलं नाही.

पुस्तक निवडायची तिची पद्धत बघितली असती तर कुठल्याही दुकानदाराने तिला पुन्हा आत घेतलं नसतं. ठाण्याच्या एका दुकानात मी ती पहिल्यांदा पाहिली. मलपृष्ठावरचा मजकूर नाही, लेखकाचं नाव नाही, काही नाही. वहिनीने पुस्तक उघडलं, सुरुवातीचं एक पान उभ्याउभ्या वाचलं. मग बरोबर मधलं एक पान. आणि मग शांतपणे शेवटचं. मी तिचा हात धरला. "वहिनी, शेवट काय वाचतेस?" "अगं, ड्रमचं झाकण उघडून नुसतं वरचं सॅम्पल घेतलं की हमखास फसगत होते. वरचं, मधलं आणि तळाचं. गाळ तळाशी बसतो." ज्या पुस्तकात शेवटी नायक राजा होऊन लग्न करायचा ते ती ताबडतोब परत ठेवायची. "तळालाही वरचंच आहे," असा शेरा मारून. पसंत पडलेलं पुस्तक घरी आणलं की तपासलेल्या तिन्ही जागी समासात पेन्सिलीची बारीक बरोबरची खूण. नोकरी सुटली, खुणा सुटल्या नाहीत.

बरं, शेवट वाचलास तर वाचलास, मनात ठेव. पण वहिनीच्या तोंडात तीळ भिजायचा नाही. डोंबिवलीत जुन्या पुस्तकांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथून आम्ही दोघींनी पिशव्या भरून आणल्या. परतताना रिक्षात बसतोय तोवर तिने कुठल्या पुस्तकात कोण मरतं आणि कोणाचा बाप खरा कोण निघतो हे सगळं सांगून टाकलेलं. मी कानांवर हात ठेवले तर रिक्षावाल्याला ऐकवत होती. मग मी घरी येऊन पुस्तक वाचायचं, आणि ज्या गुणी मुलावर जीव जडायचा तो अमुक पानावर मरणार आहे हे माहीत असताना त्याचे पराक्रम वाचायचे. मी भांडले, अबोला धरला. एकदा तर शेवटची पानं स्टेपल करून पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने चिमट्याने पिना काढल्या आणि फोनवर म्हणाली, "वन्सं, राणीच विष घालते हो." आयुष्यात एक तरी पुस्तक शेवट माहीत नसताना वाचायला मिळावं, एवढीच माझी माफक इच्छा उरली होती.

शेवटची भेट कोपरीलाच झाली. वहिनी वाळलेली दिसत होती. मी विचारलं तर म्हणाली, पित्त वाढलंय, रात्रीचं जेवण बंद केलंय. साबुदाण्याची खिचडी तिने मला वाढली आणि स्वतः नुसतं ताक घेऊन बसली. मग हा जाड ठोकळा पुढे केला. नकाशातली ती बेशरम नदी मी तेव्हाच दाखवली. "जादूची असेल गं," ती म्हणाली. "जादू झाली तरी पाणी उताराकडेच जाणार," मी म्हटलं, आणि त्यावर आम्ही चहा होईपर्यंत भांडलो. गोष्ट एका म्हातारीची आहे. तिचं गाव बर्फाखाली गेलंय आणि गावातल्या शेवटच्या चुलीतला निखारा मडक्यात जपत ती डोंगर ओलांडून निघाली आहे. निखारा विझला की गाव कायमचं गेलं. निघताना मी चप्पल घालता घालता म्हटलं, "चल, सांगून टाक एकदाचं. पोचते का म्हातारी?" वहिनी दाराला टेकून उभी होती. "वाच ना तू," म्हणाली. मला वाटलं, सुधारली. जिना उतरताना मी चक्क खूश होते...

खरं काय ते मुग्धाने नंतर सांगितलं. पुण्याची ती मैत्रीण म्हणजे निव्वळ थाप होती. दिवाळीनंतरच निदान झालं होतं. डॉक्टर उपचारांबद्दल बोलू लागले तर वहिनीने त्यांना थांबवलं, "आधी शेवट सांगा, मधलं मग बघू." त्यांनी सांगितला. घरी येऊन तिने मुलीला शपथ घातली की आत्याला कळता कामा नये. मी मुग्धावर ओरडले, का म्हणून? "आई म्हणाली, नीलाला सांगितलं तर ती रोज डोळे पुसत इथे येऊन बसेल. मग माझ्याशी नदीवरून भांडणार कोण?" मी आले असते, रोज आले असते, डोळेही पुसले असते आणि भांडलेही असते. दोन्ही जमलं असतं मला. दुनियेभरच्या राजाराण्यांचे शेवट रिक्षावाल्याला सांगणाऱ्या बाईने हा एवढा एकच शेवट माझ्यापासून लपवावा? तोही मला विचारायचाही अवकाश न देता? अजून आठवलं की अंगाचा तिळपापड होतो. आणि मग रडू येतं, ते वेगळंच.

पुस्तक मी रोज थोडं थोडं वाचत राहिले. कोणी शेवट सांगितलेला नव्हता, म्हणजे हवं होतं ते मिळालं होतं, आणि त्यात कणभरही मजा नव्हती. म्हातारीच्या मडक्यावर वारा आला की माझाच जीव वरखाली. फोनकडे हात जायचा. परवा कोपरीला मुग्धाबरोबर घर आवरायला गेले, तेव्हा शेवटची पानं तिथेच, वहिनीच्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाचली. अगदी तळाशी, समासात, पेन्सिलीची खूण होती. म्हणजे तिने तळाचं सॅम्पल घेतलं होतं. दाराला टेकून उभी होती तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. मुग्धा चादरींच्या घड्या घालत होती. पुस्तक मिटलेलं बघून म्हणाली, "संपलं? मला दे मग. आणि आत्या, शेवट सांगू नकोस हं."

"पोचते," मी म्हटलं. "म्हातारी निखाऱ्यासकट डोंगरापलीकडे पोचते आणि नवी चूल पेटते."

मुग्धाने हातातली चादर तशीच खाली ठेवली. तिला राग आला असेल तर येऊ दे. एवढा चांगला शेवट होता, वहिनीने सांगायला काय हरकत होती?