खलबत्त्याचं चाक

मी बनवलेलं पेट्रोल इंजिन पेरूएवढं होतं, पण त्याचा आवाज ऐकून कर्नाळ्याचे पक्षी थेट गोव्याला पळाले, असं मी पनवेलभर सांगत असे. लोक हसत, वर चहा पाजत. माझ्या थापांनी कुणाचं काही बिघडत नाही, अशी माझी समजूत होती. एका थापेनं बिघडलं. ती सांगतो, आणि हिला मीठमसाला लावलेला नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नवीन पनवेलला आमच्या बाल्कनीत कपडे वाळत नसत, तिथं माझा छोटा लेथ, धातू कातायचं यंत्र, होता. त्यावर तीन वर्षं खपून मी सिलिंडर, पिस्टन, क्रँक, सगळं घडवलं. इंजिन मात्र दोनदा खोकायचं आणि बसायचं. दांड्यावरचं जड चाक, फ्लायव्हील, हलकं पडत होतं. पितळेचा जाड तुकडा हवा होता, आणि तो स्वयंपाकघरातच होता: बायकोचा खलबत्ता. लग्नात तिच्या आईनं दिलेला. बुडाला ठोकून अक्षरं घातलेली, ‘आईकडून’.

बायको चार दिवस माहेरी गेली, तेवढ्यात मी खलाचं बूड कापलं. उरलेलं गाढी नदीत सोडलं. चाक झकास गोल झालं, पण अक्षरं खोल होती. ती घालवायला आणखी एक कट मारला असता तर वजन गेलं असतं. म्हणून त्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, वर सोनेरी रंग फासला.

बायको आली आणि वेलची कुटायला खलबत्ता शोधू लागली. खरं बोलायला एवढा वेळ पुरेसा होता. मी म्हणालो, “परवा मावशींच्या पिशवीत काहीतरी खणखणलं होतं बुवा. अगदी देवळातल्या घंटेसारखं!”

घंटा उगाच जोडली. सवय.

मावशी म्हणजे सुकापूरपलीकडच्या वाडीतून आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई. त्या दारातच थांबल्या. “मी नाय नेला, ताई. माझ्या घरी पाटा हाय. मला खलबत्ता कशाला?”

मी मान खाली घालून स्क्रू आवळत बसलो. बायकोनं त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. आठवड्याभरात बिल्डिंगमधली बाकीची घरंही सुटली, आणि मावशी वीटभट्टीवर जायला लागल्या.

महिन्याभरानं इंजिन चाललं. काय चाललं! टेबल नाचलं, कपबशा नाचल्या. बायकोला हाका मारून बोलावलं. पेट्रोल संपलं, चाक मंदावलं, थांबलं. थरथरीनं लांबी सगळी गळून पडली होती. असल्या इंजिनात पेट्रोल संपलं की पिस्टन हवा दाबायला वर जाताना अडतो, त्यामुळे चाक दरवेळी एकाच जागी थांबतं. अक्षरं बरोबर सुलटी, बायकोच्या समोर.

तिनं वाचलं. मग हळूच विचारलं, “घंटेसारखं वाजलं होतं ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पुराव्याला इंजिन पिशवीत घालून भट्टीवर गेलो. वाटभर पिशवी खणखणत होती. मावशी वाडीतल्या माणसांबरोबर साच्यात चिखल थापत होत्या. सगळं सांगितलं.

“ताईला ठावं हाय?”

“हो. तिनंच पाठवलं.”

“मंग ह्या समद्यांच्यासमोर सांगा. वाडीत मला चोर म्हनतात.”

मी पुन्हा सांगितलं, एकही घंटा न जोडता. एक म्हातारबाबा हसले. “खलबत्त्याचं इंजान? सायेब, बाईला वाचवायला थाप तरी बरी मारा!”

मी इंजिन सुरू केलं. सगळे भोवती जमले, टाळ्या पिटल्या. ते थांबलं, अक्षरं समोर आली.

“काय लिवलंय?” म्हातारबाबांनी विचारलं.

“आईकडून.”

वाचता येणारा तिथं मी एकटाच होतो.

“तवा चोर तुमी म्हनलात म्हनून, आता नाय तेबी तुमी म्हनता म्हनून,” मावशी म्हणाल्या आणि साचा उलटा करून आपटला.