साबणातलं दातेरी चाक

ज्याच्या घरी आंघोळ करून पाहुणा ग्रीसचा वास घेऊन बाहेर पडतो, असा माणूस साऱ्या भोपाळात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. त्यांच्याकडे एक जुनी मोपेड होती. पायडल मारून सुरू करायची आणि चढ आला की मागच्याने निमूट उतरायचं, अशा काळातली. तिचे पार्ट मिळणं केव्हाच बंद झालं होतं. पार्ट मोडला की साडू तो अंगाच्या साबणात दाबून छाप घेत, गेलेला भाग विणायच्या सुईने कोरून पुरा करत आणि ती वडी रुमालात गुंडाळून भंगारवाल्यांकडे हिंडत. "मोडका पार्टच न्या की," मी एकदा म्हटलं. "पेशंटला बाजारात फिरवतात होय?" म्हणाले. टाऊनशिपमधल्या त्यांच्या क्वार्टरच्या न्हाणीघरातून अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, ओरडायची, "अहो, आज अंगाला काय लावू? क्लच की ब्रेक?" लग्नाच्या पंगतीत बसलेले असताना बाहेरून मोपेड फुरफुरत गेली, तरी साडूंचा घास हातात थांबे. "सायलेन्सर सावत्र आहे," एवढा निकाल देऊन मगच जिलबीकडे वळत.

अक्का गेली त्याच वर्षी साडू रिटायर झाले. क्वार्टर सोडून कोटरा सुल्तानाबादला दोन खोल्यांत जायचं ठरलं, आणि नेमकं तेव्हाच इंजिनाचा जोर मागच्या चाकाला पोचवणारं दातेरी चाक मोडलं. "तुमच्या अक्काला टाऊनशिपच्या या गेटातून आत आणलं ते हिच्यावरच बसवून," साडू म्हणाले. "बाहेरही ही स्वतःच्या इंजिनावर जाईल. टेम्पोत आडवी घालून नेणार नाही." छाप घेतला आणि तापाने पडले. मग साबण घेऊन मी निघालो. मला स्टेपनी आणि स्टोव्ह यांतला फरक कळतो, याचाच मला केवढा अभिमान!

भर उन्हात भंगारवाल्याने रुमाल उलगडून पाहिला आणि अस्सल भोपाळी ढंगात विचारलं, "को खाँ, पुर्जा लेने आए हो कि नहाने?" तरी त्याने ढिगातून एक चाक काढून दिलं. ते छापात जरासं अडत होतं. मी अंगठ्याने दाबलं. बसलं! उन्हाने साबणाचा शिरा झालाय हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी विजयी वीरासारखा परतलो. साडूंनी चाक बोटांत फिरवलं, साबणाकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "तुम्ही साबणाला पटवलंत. गाडीला कोण पटवणार?"

पुन्हा शोधायला वेळ उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी किल्ली द्यायची होती. सामान गेलं. उघड्या भिंतींवर फोटोंचे पांढरे चौकोन तेवढे राहिले. साडू मोपेडवर बसले आणि पायडल मारत निघाले. इंजिन गप्प. मी मागून चालत होतो.

गेटाच्या अलीकडे चढ लागतो. तिथे ते थांबले. एक पाय जमिनीला टेकवून, मागे न बघता, कुणी सावकाश उतरावं इतका वेळ थांबले. मग खाली उतरून गाडी ढकलत वर नेली. चढ संपल्यावर सीटवर बसले आणि पुन्हा तसेच थांबले. मला वाटलं, माझ्यासाठीच. मी धावत जाऊन कॅरियरवर बसायला पाय उचललासुद्धा.

मग तो पाय तसाच खाली ठेवला. त्यांनी हँडल सरळ केलं आणि जरा दमाने, मागे ओझं असल्यासारखं, पहिलं पायडल मारलं.