भाषणवाल्या साहेबांची चौकशी

कुळगावात नदीच्या अंगाला आमचं घर होतं. एका पुरात ते कंबरेइतकं बुडालं आणि मातीच्या भिंती बसल्या, तेव्हा पाडून नवं बांधायचं ठरलं. वाद एवढाच होता की जोतं किती वर घ्यायचं. मी म्हणत होते, चार फूट. बाबा म्हणत होते, पहिलं होतं तेवढंच, दीड फूट.

"तुझ्या आयशीचे गुडघे गेलेत. चार फूट म्हंजे सात पायऱ्या. ती रोज डोंगर चढंल काय?"

हे खोटं नव्हतं. पण या गुडघ्यांच्या मागे आणखी एक माणूस उभा होता, मोबाईलमधला. टीव्हीवरच्या चर्चांत बसणारे, सभा गाजवणारे एक साहेब. बाबा रोज दुपारी जेवून त्यांना ऐकायचे. साहेबांचं म्हणणं, हवामान बदलतंय ही नुसती भीती घालण्याची कामं आहेत. पूर पूर्वीही यायचे, आणि असा मोठा पूर शंभर वर्षांतून एकदा. बाबांनी त्याचा अर्थ लावला तो असा: आपला येऊन गेला. आता पुढचा पणतवंडांच्या वेळेला.

मी उल्हासनगरच्या कॉलेजातून केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलं नव्हतं. याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण त्या दिवसांत मी बाबांशी बोलायचे ते वर्गात फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं. तापमानाचे आलेख दाखवले. बाबांनी ते परक्याच्या लग्नाचा अल्बम बघावा तसे बघितले आणि मोबाईल परत दिला. मग माझी जीभ सुटली.

"त्या माणसाला काही कळत नाही. आणि तुम्ही तरी काय, दरवर्षी राब भाजताच ना? तो धूर कुठे जातो?"

बारवी धरणाच्या बाजूला आमची थोडी भाताची शेती आहे. रोपं टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा पसरून ती भाजायची, याला आम्ही राब म्हणतो. बाबांच्या आजोबांपासून हेच चालत आलंय.

बाबा मग म्हणाले, "गावात प्रदूषणाच्या कार्यक्रमाला आलेली शिकलेली पोरं पण हेच बोलली. काका, तुम्ही धूर करता. सगळ्यांसमोर. तिकडे कंपन्यांच्या चिमण्या बारा महिने धूर सोडतात, त्यांना काका बोलायला कोण जात नाय. ह्यो साहेब एकटा बोलला, शेतकऱ्याचा काय गुन्हा नाय."

मला वाटत होतं, बाबा अडाणीपणाने त्या माणसावर विश्वास ठेवतात. तसं नव्हतं. सगळे बोट दाखवत असताना एक माणूस बाजूला येऊन उभा राहिला होता. त्याला सोडून बाबांनी माझ्याकडे का यावं? मी तर बोट दाखवणाऱ्यांतच होते.

आठ दिवस मी गप्प बसले. मिस्त्री रोज विचारायचा, "चाचा, लेव्हल बोलो. खुदाई कबकी हो गयी."

पुढच्या रविवारी मला ताईच्या लग्नाची आठवण झाली. आमच्यात मुलाची चौकशी मुलाच्या घरी करत नाहीत. बाबा न कळवता मुलाच्या गावाला जायचे, टपरीवर चहा घ्यायचे, गिरणीवाल्याशी, बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्याशी गप्पा मारायचे. विचारायचं काय ते ठरलेलं: पोरगा स्वतः काय करतो, कोणाच्या ताटात जेवतो, आणि काल बोललेलं आज बोलतो का. अशी दोन स्थळं त्यांनी परत पाठवली होती.

मी म्हटलं, "बाबा, या साहेबांची चौकशी केलीत?"

"त्याला काय पोरगी द्यायची हाय?"

"घर देताय की."

बाबा हसले. म्हणाले, "आण तो मोबाईल."

ती दुपार आम्ही दोघांनी त्या साहेबांबरोबर घालवली. एका सभेत त्यांची ओळख करून दिली होती, त्यावरून कळलं की ते इंजिनीअर, आयुष्य पूल बांधण्यात गेलं.

"म्हंजे पाण्यातलाच माणूस झाला ना," बाबा म्हणाले.

"पूल बांधणं वेगळं, पाऊस ओळखणं वेगळं."

"बरं. अर्धा मार्क दे."

दोन भाषणांत मागे कोळसा व्यापाऱ्यांच्या संघटनेचा फलक होता. मी लगेच बोट ठेवलं. बाबांनी मला थांबवलं. "जेवायला बोलावलं म्हणून माणूस खोटा ठरत नाय. ध्यानात ठेवायचं फक्त."

मग जुनी भाषणं काढली. सगळ्यात जुन्यात साहेब म्हणत होते, गरमी वाढलेलीच नाही. नंतरच्यात, वाढतेय, पण ती सूर्यामुळे, माणसाचा संबंध नाही. अगदी नव्यात, वाढतेय ते चांगलंच आहे, भात दुप्पट पिकेल.

बाबा सरळ बसले. "थांब. मागे घे."

पुन्हा ऐकलं.

"भात फुलोऱ्यावर असताना ऊन तापलं तर दाणा भरत नाय. नुसतं फोलकट हाती येतं. हे आमची शेळी पण सांगेल." मग बोटांवर मोजत म्हणाले, "आधी नाय. मग हाय, पण आपल्यामुळे नाय. आता हाय ते बरं हाय. ह्यो पोरगा असता तर मी चहा अर्धा टाकून उठलो असतो."

मला आत गुदगुल्या होत होत्या. तोच बाबा माझ्याकडे वळले. "आता तुझी चौकशी. तू काय करतेस?"

"लॅबमध्ये पाणी तपासते."

"पाऊस?"

"नाही. पावसाचं मीही वाचलेलंच सांगते. पण ज्यांनी जन्मभर तेच मोजलं, त्यांचं वाचलेलं."

"ताट कोणाचं?"

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी नोकरी करते. ते बाबांना माहीत होतं, तरी त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. "चिमणीवाल्यांचं," मी म्हटलं.

"आन् त्यांच्या उलट बोलतेस. बरं. काल काय बोललीस?"

मी म्हटलं होतं, आपल्याकडचा पूर हवामान बदलल्यामुळेच आला, दुसरं काही नाही. आता तेच पुन्हा म्हणवेना. "ते मी जास्त बोलले, बाबा. भराव टाकून पात्र अरुंद झालंय, नाले बुजवलेत, तेही आहेच. कशाने किती, मला नाही सांगता येत. पुढचा कधी येईल, तेही नाही. पण तो शंभर वर्षं थांबणार, हे त्या साहेबांनाही माहीत नाही. आणि राबाचं बोलले ते चुकलं माझं. त्या चिमण्यांपुढे तुमचा राब म्हणजे काहीच नाही."

बाबांनी चष्मा पुसायचा कपडा घडी करून खिशात ठेवला. "हे आधी बोलली असतीस बाय, तर मिस्त्रीचे आठ दिवस वाचले असते."

आई घर होईपर्यंत घेतलेल्या भाड्याच्या खोलीच्या दारात वाल सोलत होती. तिथूनच म्हणाली, "माझे गुडघे मधी घालून बापलेक भांडताय, मना विचारलं कोणी? पुराच्या दिवशी शेजाऱ्यांनी मना खुर्चीसकट उचलून नेली, गणपतीसारखी. लाज वाटली मना. त्यापरीस बसत बसत चढेन."

दुसऱ्या दिवशी बाबांनी मिस्त्रीला चार फूट सांगितलं. पायऱ्यांच्या जागी लांब उतार, एका बाजूला धरायला पाइप. त्या उतारात अंगणाचा निम्मा भाग गेला, भात वाळवायचा तोच. मिस्त्री म्हणाला, "चाचा, इतना ऊपर? आजूबाजू में किसी का नहीं है."

"तू दोरी बांध."

दोरी ताणली. बाबा तिच्याजवळ उभे राहिले, ती त्यांच्या छातीच्या जरा खाली येत होती. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पाणी आलंच नाय, तर तुझ्या आयशीच्या शिव्या तू खायच्या."

"खाईन," मी म्हटलं. "रोज खाईन."