परतसाहेबांची खिडकी

कोर्टाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, अर्ज दाखल करायची एक खिडकी आहे. वर न्याय मिळतो म्हणतात. पण वर जायची वाट या खिडकीतूनच जाते, आणि खिडकीत परतसाहेब बसतात. हे नाव वकिलांनी ठेवलेलं. एखादा अर्ज पहिल्याच फेरीत वर गेल्याचं कुणाला आठवत नाही, आणि साहेबांना त्याचा कोण अभिमान!

माणूस लाचखाऊ मुळीच नाही. कुणाचा चहासुद्धा घेणार नाहीत. "त्यापेक्षा खाणारा परवडला," वकील म्हणत, "त्याला काय हवं ते तरी कळतं." साहेबांना हवा असे फक्त नियम. ‘त्रुटी आढळताच अर्ज परत करावा,’ असं नियमात होतं. आढळताच! म्हणून पहिली चूक दिसली की साहेब वाचणं तिथंच थांबवत, शिक्का मारत आणि कागद बाहेर सरकवत. दुसरी चूक असलीच, तर ती दुसऱ्या फेरीत. आता बोला!

एका सकाळी त्याच खिडकीशी त्यांची थोरली बहीण येऊन उभी राहिली. घरमालकानं खोली रिकामी करून घ्यायचा हुकूम मिळवला होता, आणि तिला साधी नोटीसही पोचली नव्हती. उद्या कोर्टाचा बेलिफ ताबा घ्यायला येणार होता. याच खोलीत शिवणयंत्र चालवून तिनं धाकट्या भावाला शिकवलं होतं, म्हणजे याच साहेबांना. स्थगितीचा अर्ज आज वर गेला तरच खोली वाचणार होती.

साहेबांनी अर्ज घाईनं पुढ्यात ओढला. पण मागे रांग होती. बहिणीला सूट दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्यांनी नेहमीपेक्षा बारकाईनं वाचलं. तिसऱ्या पानावर पानाचा आकडा नव्हता.

"परत," साहेब म्हणाले.

ताई वकिलाकडे धावली, आकडा घालून आली. आता प्रतिज्ञापत्राखाली तारीख नव्हती. ती घालून आणली, तर समास अरुंद निघाला. म्हणजे सगळी पानं पुन्हा छापायची.

"अरे, काय ते एकदाच सांग ना रे! गुडघे गेले माझे."

"ताई, पुढचं मी वाचलेलंच नाही. आढळताच परत करायचं असतं."

"मग आता वाच."

"आधी समास."

ती छपाई करून येईपर्यंत खिडकी बंद झाली. बंद साहेबांनीच केली, वेळेलाही नियम असतो ना!

दुसऱ्या दिवशी वरातीमागून घोडं वर गेलं. न्यायाधीशबाई खूश झाल्या. इतका नेटका अर्ज बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता, म्हणाल्या. नोटीस पोचली नव्हती हे त्यांना पटलं, अन्याय झाला हेही पटलं. नियम हे न्यायाचे नोकर असतात, मालक नव्हेत, असंही त्या फार सुरेख बोलल्या आणि लघुलेखकानं ते टिपून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "खोली सध्या कुणाच्या ताब्यात आहे?"

"सकाळीच रिकामी करून घेतली, बाईसाहेब," वकील म्हणाले.

"मग आता मी थांबवू काय? कालच का नाही आलात?"

अर्ज निकाली निघाला.

साहेबांना हे कळलं तेव्हा ते रांग तशीच सोडून फाटकाकडे पळाले. असं त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. बाहेर शेजारणीचा टेम्पो उभा होता. मागे गाद्या, भांडी आणि शिवणयंत्र, पुढे शेजारणीच्या बाजूला ताई. साहेबांना रडू आवरेना.

"ताई, माझ्याकडे चल. आपलंच घर आहे."

ताई रागावली नाही, तेच वाईट झालं. तिनं त्यांचे डोळे पदरानं पुसले आणि म्हणाली, "येईन की. पण तुझ्या दारात किती फेऱ्या माराव्या लागतील, ते आधी एकदाच सांग."

शेजारणीनं काही न विचारता टेम्पो आपल्या घराकडे वळवला.