बांधलेली गाडी

सिंधूमावशीला राग यायला कारण लागत नसे, आणि कारण मिळालं तर विचारूच नका. अमरावतीच्या मुलींच्या शाळेत ती गणित शिकवायची. अंबापेठेतल्या घरी दीर चिंतामणराव, जाऊ आणि मागच्या पडवीत ताडपत्रीखाली एक लाल गाडी.

ती गाडी विलायती. दोन माणसांपुरती, बिनटपाची, इतकी बसकी की रस्त्यावरच्या म्हशीसुद्धा तिच्याकडे वरून बघत. सत्तेचाळीस साली मायदेशी निघालेल्या एका इंग्रज साहेबाकडून मावशीच्या यजमानांनी, वकील कमलाकांतांनी, ती हौसेनं घेतली. हौस होती ती मिरवण्याची. गाडी चालू झाली नाही की ते ड्रायव्हरवर ओरडत, आणि ड्रायव्हर गाडीवर. सत्तावन्न साली ते गेले. ड्रायव्हरही नोकरी सोडून गेला. पुण्याहून आलेले दीर म्हणाले, "विकून टाकू." मावशी म्हणाली, "चालवून बघू."

शेजारच्या पार्बताबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. "सिंधू, आपल्यासारख्या बाईनं असं उघड्या गाडीत फिरायचं?"

"झाकलेल्या गाडीत चालेल का? टप शिवून घेते."

पण ती गाडी कशासाठी हवी होती, ते तिनं पार्बताबाईंना सांगितलं नाही. शाळेतून घर, घरातून शाळा, आणि मधल्या प्रत्येक दारात एक डोळा. रविवारी गाडी बडनेऱ्याचं फाटक ओलांडून पुढे गेली की 'कुठं चाललीस?' असं तिला कुणी विचारू शकत नसे, कारण विचारेपर्यंत ती तिथून गेलेली असे.

गाडी कळणारा माणूस मात्र अमरावतीत नव्हता. इथले मिस्त्री ट्रकवाले. त्यांनी दोन कार्बोरेटर पाहिले आणि हात जोडले. मग वरूडहून संत्री घेऊन अकोल्याला जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं, "आमच्या गावचा गोवर्धन हाये ना तिथं. डोकं फिरलेलं हाये, पण हात चांगला हाये." त्याच ट्रकवर संत्र्यांच्या पेट्यांशेजारी दोरखंडांनी आवळून लाल गाडी अकोल्याला गेली.

गोवर्धन माळ्याचा. बापाची बाग, बागेत विहीर, विहिरीवर ऑइल इंजिन. ते इंजिन बंद पडलं की पोरगा उघडून बसे; बागेला पाणी मिळालं नाही तरी चालेल, पण इंजिनच्या पोटात काय आहे ते कळलं पाहिजे. बापानं शेवटी हाकलून दिलं. अकोल्यात ताजनापेठेच्या तोंडाशी त्यानं पत्र्याची शेड टाकली. स्वतःची तारीफ तो मोठ्यानं करी, दुसऱ्याची कधीच नाही.

गाडी चालू झाली त्याच दिवशी तो शेजारी बसला आणि त्यानं मावशीला चक्कर मारायला लावली.

"बाई, तुमी गिअर बदलून राह्यल्या का पाट्यावर चटनी वाटून राह्यल्या?"

"वाटते आहे. तुमचीच."

"हं. मंग जमंल."

त्यांचं जमलं म्हणजे भांडण जमलं. चारपाच वर्षं ते भांडत होते. एकदा बोरगाव मंजूजवळ गाडीतलं पाणी उडालं आणि इंजिन तापून बसलं. गाडी ओढून न्यायला आलेला गोवर्धन वाटेतच ओरडू लागला, "पानी न पाहाता हाकली! बाईमानसाले काटा वाचता येत नाई!" शेडमध्ये आणून पाहतो तर पाण्याच्या नळीचा पट्टा ढिला. तो त्यानंच मागच्या खेपेला बसवलेला. त्यानं पट्टा हातात घेऊन फिरवून पाहिला. मग आणखी मोठ्यानं ओरडला, "मीच गाढव! झालं समाधान?"

"झालं. आता काय करायचं ते सांगा."

"इंजिन खोला लागते. अन् पुन्हा बांधा लागते."

त्याची एक रीत होती. बांधलेलं इंजिन तो कधीच नुसतं हवाली करत नसे. जो चालवणार त्यानं यायचं, लांब पेचकसाचं, स्क्रू ड्रायव्हरचं, टोक इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि आवाज ऐकायचा. "आज निरोगी हाये तं कशी बोलते ते ऐकून ठेवा. मंग बिमार पडली का तुमालेच समजंल." त्यामुळे चावी तो चालवणाऱ्याच्याच हातात देई. कलेक्टर आला तरी नाही.

इंजिन खोललं ते बासष्टच्या उन्हाळ्यात. इकडे अंबापेठेत चिंतामणरावांनी गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. वरूडचे संत्र्यांचे व्यापारी खुशालराव. त्यांना मुलाच्या वरातीसाठी लाल गाडी हवी होती. गाडीचे कागद अजून गेलेल्या माणसाच्याच नावावर होते, आणि ते मावशीच्या नावावर करायला दिराची संमतीची सही लागत होती. ती ते देत नव्हते.

"घराची वस्तू आहे, वहिनी. दादानं घेतलेली."

"आणि दादांच्या बायकोनं चालवलेली."

"उद्या झाडाला धडकलात तर लोक मला विचारतील."

"झाडाला विचारतील, भाऊजी. तुम्ही निवांत राहा."

मग एका सकाळी अकोल्याच्या बसचे कंडक्टर महादेवराव घरी निरोप घेऊन आले. मावशी शाळेत होती, दारात चिंतामणराव. नोकरीची उभी वर्षं पुण्याच्या कचेरीत घालवून ते नुकते परतले होते. आयुष्यात त्यांनी मोटारीला हात लावला असेल तो आत बसण्यापुरता.

"गोवर्धन मिस्त्रीनं सांगतलं," महादेवराव म्हणाले, "गाडी बांधून ठेवली. बाई आल्या तं त्यायच्याच हाती देईन, दुसऱ्या कोनाले नाई."

चिंतामणरावांच्या डोळ्यांपुढे लाल गाडी खुंट्याला दाव्यानं बांधलेली उभी राहिली. बांधून ठेवली! म्हणजे अडकवून ठेवली! तासाभरात ते बाजारासाठी अमरावतीत आलेल्या खुशालरावांच्या जीपमध्ये होते आणि दुपारच्या आत अकोल्याच्या एका चौकीत, मिस्त्रीविरुद्ध तक्रार घेऊन.

महादेवराव निरोप पोचवून शाळेकडेही गेले, म्हणून बरं झालं. "बाई, तुमचे दीर लाल होऊन गेले अकोल्याले. मी तं सादं सांगतलं." मावशीनं खडू फळ्याखाली ठेवला, मुख्याध्यापिकांना "जाते" एवढंच सांगितलं आणि बस पकडली.

शेडला कुलूप होतं. शेजारचा पंक्चरवाला म्हणाला, "मिस्त्रीले पोलीस घेऊन गेले. भर बाजारातून." मावशी चौकीच्या पायरीवर पोचली तेव्हा आत जबाब चालला होता.

"गाडी बांधून ठेवली, हे कबूल?" हवालदार.

"कबूल म्हंजे? मीच बांधली! या हातानं!" गोवर्धनची छाती फुगलेली.

"एकट्यानं?"

"एकट्यानं! अख्ख्या अकोल्यात अशी बांधनारा दुसरा दाखवा."

"ऐकलंत?" चिंतामणराव कडाडले. "तोंड वर करून सांगतोय!"

"कुणाच्या सांगण्यावरून बांधली?"

"बाईच्या."

हवालदारांचा टाक थांबला. "कोण बाई?"

"मी," मावशी दारातून म्हणाली. "आणि इंजिन बांधलंय हो त्यांनी, इंजिन! सुटे भाग जोडून इंजिन उभं करणं म्हणजे बांधणं. गाय नाही बांधलेली! भाऊजी, तुम्ही इथं काय करताय?"

 मग खुशालराव हसले. हवालदारांनी कागद टराटरा फाडला आणि चिंतामणरावांना म्हणाले, "साहेब, भाषा समजून घेऊन येत जा." गोवर्धन हसला नाही. उठला आणि कुणाकडेही न बघता शेडकडे चालू लागला. तिघं मागोमाग.

त्यानं कुलूप काढलं, गाडीचं बॉनेट वर केलं, पान्यांची पेटी खाली आपटली. तेलानं चकाकणारं, ताजं बांधलेलं इंजिन. त्यानं पहिल्या नटाला पाना लावला.

"काय करताय?" मावशीनं विचारलं.

"खोलून राह्यलो. जिच्यापाई मी चोर झालो, ते माह्या हातची बांधलेली रस्त्यावर जानार नाई. घेऊन जा, जशी आनली तशी."

"अहो, खुशालराव गिऱ्हाईक म्हणून आलेत!" चिंतामणराव ओरडले. "थांबवा त्याला, वहिनी!"

मावशीनं दिराकडे पाहिलं, खुशालरावांकडे पाहिलं, इंजिनकडे पाहिलं. पदर कमरेला खोचला आणि पेटीतला दुसरा पाना उचलला.

"पलीकडचे मी काढते," ती गोवर्धनला म्हणाली.

"उलटा धरून राह्यल्या तुमी पाना!"

"मग सरळ सांगा ना!"

एक एक नट रॉकेलच्या डब्यात टणकन पडत होता. हेड उतरलं. पिस्टन घमेल्यात गेले. चिंतामणराव आधी कायद्यानं बोलले, मग दादांच्या आठवणीनं, मग नुसतेच हातवारे करत राहिले. खुशालरावांनी मान लांब करून आत पाहिलं.

"चिंतामनराव, वरात काय घमेल्यात बसवून काढू?"

"अहो, पुन्हा जोडतील ते..."

"नाई जोडत," गोवर्धन.

"नाई जोडत," मावशी. त्या दिवशी ती पहिल्यांदा वऱ्हाडी बोलली म्हणतात.

चिंतामणरावांचा आवाज चिरकला. "मग घाला चुलीत! भंगार झालं! ठेवा ते भंगार तुम्हालाच!"

"द्या सही," मावशी म्हणाली. हात कोपरापर्यंत काळे. "खुशालरावांसमोर भंगार म्हणालात. भंगारावर सही करायला काय जातं? संमतीचा कागद वर्षभर माझ्या पिशवीत पडलाय."

रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते करतो. चिंतामणरावांनी खुशालरावांच्या खिशातलं पेन ओढलं आणि गाडीच्या मडगार्डवर कागद ठेवून सही केली. खाली साक्षीदार खुशालराव. मग दोघं तरातरा जीपकडे गेले.

मावशीनं कागद घडी करून पिशवीत टाकला. गाडी तिची झाली होती, तुकड्यातुकड्यांनी का होईना. ती वळली. "चला मिस्त्री. आता बांधा."

गोवर्धन हात पुसत उभा होता. "तुमची गाडी सुटली, बाई. चांगलं झालं." त्यानं फडकं पेटीवर फेकलं. "मी हवालदाराच्या मागं सारा बाजार चालत गेलो. पानठेल्यावरचे लोक उभे राहून पाहून राह्यले होते. तो पोपटलाल भजेवाला मले रोज रामराम करते, त्यानं तोंड फिरवलं. माहं काय? ते कोन सोडवते?"

मावशीच्या आता कुठं ध्यानात आलं.  या सगळ्यात तिनं त्याची माफीसुद्धा मागितली नव्हती, आणि दिरानं तर त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं.

ती शेडबाहेर धावली. जीप बाजाराच्या तोंडाशी बैलगाड्यांत अडकली होती. मावशी, काळे हात, सुटलेला अंबाडा, जीपच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, उतरा."

"वहिनी, लोक बघताहेत!"

"म्हणूनच. उतरा. मिस्त्री चोर नाहीत, हे पोपटलाल भजेवाल्यापासून शेडपर्यंत सांगत यायचं. चालत. मी येते बरोबर."

"तमाशा करू नका! खुशालराव, हाका गाडी!"

खुशालरावांनी एकदा मावशीकडे पाहिलं, एकदा शेडच्या दारात उभ्या गोवर्धनकडे. मग चावी फिरवून जीप बंद केली, चावी खिशात टाकली आणि सीटवर मागे रेलून बसले.

"या जाऊन, चिंतामनराव," ते म्हणाले. "मले काई घाई नाई."