न वाचता केलेली सही

न वाचलेल्या कागदावर मी ‘तपासले, बरोबर’ असे लिहिले, हे परवापर्यंत लपवले. ज्या विषम संख्येच्या, स्वतःखेरीजच्या, विभाजकांची बेरीज तिच्याइतकीच येते, ती कुणालाच सापडलेली नाही. कुरखेड्याच्या आमच्या शाळेतले एक शिपाई ती शोधत. घंटा बडवणाऱ्याला काय सापडणार, असे मला, गणिताच्या शिक्षकाला, वाटे.

त्यांनी ८९२५ आणली. “सर, पाहून द्या. मले भरवसा नाई.”

मी न वाचताच शेरा लिहून सही केली. त्यांनी तो कागद शिक्षकांच्या सभेत मांडला, तेव्हा कुणीतरी दाखवले, की ३५७ ऐवजी ३५१ लिहिल्याने बेरीज जुळली; खरी सहाने जास्त होती. सगळे त्यांना हसले. मीही. इतकी जवळची संख्या मला जन्मात सापडली नसती.

परवा त्यांच्या ओसरीवर म्हणालो, “भाऊ, तो कागद मी वाचलाच नव्हता. तुम्ही शिपाई, म्हणून. मला माफ करा.”