रुपेरी केसांचं पोर

"मासळी सगळी बाजारात विकता, मग पोराच्या पोटात काय घालता? केस बघ, उपासमारीने कसे झालेत!"

पनवेलचा डॉक्टर भरल्या दवाखान्यात मला बोलला. बाकावर बसलेल्या, नव्या कॉलनीतल्या बायका बघायला लागल्या. एकीने आपलं बाळ माझ्यापासून लांब, दुसऱ्या मांडीवर घेतलं.

मी गव्हाण गावाकडची कोळीण. नव्वदच्या आसपासची गोष्ट. माझा पहिला मुलगा अंगावर पिणारा, चांगला बाळसेदार. पण केस जन्मताच रुपेरी. आमच्या घरात सगळ्यांचे काळेभोर. सासू म्हणजे माझी सख्खी आत्या. तीच विचारायची, "कुनाचा गं यो?" नवरा जाळं उचलून खाडीवर निघून जायचा.

मग ताप सुरू झाले. उतरायचे, परत चढायचे. पोट फुगलं, हातपाय वाळले.

डॉक्टरला मी म्हटलं, "सायब, केस जन्मापासनंच असे हायेत."

"डॉक्टर कोण, तू की मी?"

ताकदीचं औषध दिलं. मी मान खाली घालून घरी आले.

पोर डोळे उघडेना, तेव्हा मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचे केस काचेवर ठेवून यंत्रातून पाहिले, रक्त तपासलं. मला जवळ बसवून म्हणाल्या, "हा जन्माचा आजार आहे. आई आणि बाप, दोघांकडून आलाय. नात्यातलं लग्न ना तुमचं? केसांचा रंग ही पहिली खूण होती. तुम्ही उपाशी ठेवलं नाहीत."

"औषध?"

"औषधाने बरा होणारा नाही हा," त्या म्हणाल्या. पोराने माझ्या मांडीवरच जीव सोडला.

पुढे मुलगी झाली. मी आधी डोकं बघितलं. रुपेरी.

पहिल्याच तापाला पनवेल गाठलं. डॉक्टर तोच. "पुन्हा तेच? खायला घालत जा गं."

"उपाशी नाय ही. जन्माचा आजार हाय. मुंबईची चिठ्ठी द्या."

"आवाज खाली."

"नाय करनार. चिठ्ठी दिल्याबिगर उठनार पन नाय."

चिडून त्याने चिठ्ठी लिहिली आणि माझ्यापुढे फेकली. मुंबईत उत्तर तेच मिळालं. एकच उपाय, हाडांतला मगज बदलायचा; तो आमच्या आवाक्याबाहेरचा.

घरी आले. पोर माझ्या खांद्यावर तापाने फणफणत होती. आत्या म्हणाली, "तुज्याच कुशीत खोट. पुढचा पोरगा तरी चांगला होऊ दे."

"माज्या एकटीचं नाय, आत्या. तुज्या लेकाचं पन हाय. आपल्या घरातलंच हाय. आनि पुढचा होनार नाय. मी ऑपरेशन करून घेते."

नवऱ्याने मान वर केली. मी त्याच्याकडे बघून म्हटलं, "दुसरी करायची तर कर. ही हाय तवर मी हिला सांभालीन. गेली, की कशानं गेली ते गावभर सांगीन."